तळ्यावरचं खुराडं

माणसाला मान द्यावा, पण किती? असरिझाल शिंप्यांना त्यांच्या सासुरवाडीने इतका मान दिला, की शेवटी त्या मानापायी त्यांना साधं कोंबड्यांचं खुराडं बांधणं मुश्कील झालं.

आमच्याकडे पुरुष लग्न करून बायकोच्या घरी राहायला जातो. घर तिचं, जमीन तिची, मागाहून तिच्या मुलींची. जावई हा जन्माचा पाहुणा. पाहुण्याला नावाने हाक मारणं शोभत नाही, म्हणून लग्नाच्या दिवशीच त्याला एक पदवी चिकटवतात. असरिझालना मिळाली ‘सुतान पालिंदिह’. पुढे लोकांनी त्याचं नुसतं सुतान केलं आणि असरिझाल हे नाव ओळखपत्रावर तेवढं उरलं.

उमेदीची सगळी वर्षं सुतानांनी जाकार्ताच्या बाजारात शर्ट शिवण्यात घालवली. वर्षातून एकदा, ईदला, पेटीभर कापड घेऊन घरी यायचे, चार दिवस मानाच्या चटईवर बसून जेवायचे आणि परत जायचे. सुईत दोरा ओवता येईनासा झाला तेव्हा मशीन विकून ते कायमचे पायाकुंबुहजवळच्या या गावी, बायकोच्या घरी परत आले. आईचं घर बहिणींकडे गेलेलं, जाकार्तातली खोली भाड्याची आणि हे घर युसमानिआरचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. हजारो लोकांच्या मापाचं बेतून दिलेल्या या माणसाने स्वतःसाठी म्हणून भिंतीला एक खुंटीसुद्धा ठोकली नव्हती.

मग उदमांजराने परसातल्या कोंबड्या उचलायला सुरुवात केली. आज एक, परवा एक. पिंजरा म्हणून जे काही होतं ते तीन फळ्या आणि एक फाटकी जाळी. युस वैतागली.

"ऊदा, काहीतरी करा हो. या मांजराला आपण पोसतोय की काय?"

ऊदा म्हणजे थोरला दादा. आमच्या बायका नवऱ्याला असंच म्हणतात. आणि "काहीतरी करा" हे शब्द सुतानांना या घरात पहिल्यांदाच कोणीतरी म्हणत होतं. त्यांना इतका आनंद झाला की चहा तसाच ठेवून ते उठले.

त्यांनी शिंप्याच्या पद्धतीने सुरुवात केली, म्हणजे आधी मापं. गळ्यात टेप टाकून ते कोंबड्यांच्या मागे धावले. छाती किती, पंख पसरल्यावर रुंदी किती, बसल्यावर उंची किती. कोंबड्यांनी त्यांच्या मनगटांची चाळण केली. युस ओसरीवरून बघत होती.

"ईदचा कुर्ता शिवताय का तिला?"

"तू हसू नकोस. अंगाला सैल पण नको आणि घट्ट पण नको. खुराडं घट्ट झालं की कोंबडी अंडं धरून ठेवते."

"हे कोणी सांगितलं?"

"कोंबडीने."

मग खाकी कागदावर खडूने आराखडा उतरला. परसात माशांचं तळं आहे, त्याच्या मधोमध बांबूच्या खांबांवर खुराडं उभं करायचं. तळाला बांबूच्या पट्ट्या, फटी ठेवून, म्हणजे विष्ठा खाली पाण्यात पडेल आणि माशांचं फुकटात जेवण होईल. काठापासून एक फळी टाकायची, ती संध्याकाळी ओढून घेतली की उदमांजर बसेल काठावर हात चोळत. शर्टाला काखेत हवा खेळायला जशी जागा ठेवतात, तशी छपराखाली दोन्ही बाजूंना जाळी. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे बाहेरच्या बाजूला एक खिसा. घरटी आतून उतरती ठेवायची, अंडं घरंगळत खिशात येणार. झाकणाला लाकडी बटण. सकाळी बटण काढायचं, अंडी घ्यायची, बटण लावायचं. कोंबड्यांची झोपमोडसुद्धा नाही.

मी तो कागद पाहिला आहे. माणसाने इतकं डोकं लावून बेतलेलं आणि इतकं देखणं खुराडं आमच्या गावात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सुतान दिवसातून दहा वेळा तो कागद उलगडायचे. या एका गोष्टीवर आपलं माप असावं, एवढंच त्यांना हवं होतं. राजवाडा मागितला नव्हता हो त्यांनी!

फळीच्या आधारासाठी काठावर पहिला खड्डा खणायला कुदळ घेतली तर सासूबाई काठी टेकत परसात आल्या.

"अगंबाई, सुतान! कुदळ? लोक काय म्हणतील? जावयाला राबवतात म्हणतील. ठेवा ती खाली."

"मांदे, नुसता एक खड्डा..."

"खड्डा खणायला आमच्या घरात माणसं नाहीत का? बसा तुम्ही. युस, सुतानांना अंड्याचा चहा कर."

अंड्याचा चहा म्हणजे बलक फेटून वर कढत चहा ओतलेला. उरलेल्या कोंबड्यांनी घातलेलं एकुलतं एक अंडं त्यात गेलं. सुतान ओसरीवर बसले आणि पेला संपवला. खड्डा मात्र तसाच राहिला.

मांदे म्हणजे आई, सासूबाईंना सगळे तेच म्हणतात. त्या एकदा बसल्या की कागद बघणारच. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "छान आहे. पण दार डोंगराकडे हवं, घराचं दार डोंगराकडे असतं. आणि जिना? जिना कुठाय?"

"मांदे, कोंबड्या फळीवरून..."

"फळीवरून चोर येतात. घराला जिना असतो."

सुतान म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आत मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण सासूपुढे जावयाने आवाज चढवायचा म्हणजे काय, हे आमच्यात कोणाला माहीतच नाही.

संध्याकाळी दातुक आले. दातुक म्हणजे युसचा थोरला भाऊ, घराण्याचा प्रमुख, या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. स्वतः ते राहतात दोन गल्ल्या सोडून आपल्या बायकोच्या घरी, आणि तिथे त्यांची बोलती बंद. त्यामुळे बहिणीच्या घरी आले की आठवड्याचं साठलेलं सगळं बाहेर पडतं. त्यांनी कागद भिंतीला लावला, मागे सरकून पाहिला, आणि त्यांचे डोळे ओलावले.

खरं सांगायचं तर त्यांचाही दोष नाही. या घराण्याचं जुनं शिंगांचं घर, रेड्याच्या शिंगांसारख्या वर वळलेल्या छपराचं, दातुक तरुण असताना जळून गेलं. त्या जागी आता विटांचं, उंच जोत्याचं, पत्र्याच्या छपराचं घर उभं आहे. पुन्हा शिंगं उभारायची म्हणजे घराणं विकावं लागेल. दातुक रोज त्या पत्र्याकडे बघून सुस्कारा टाकतात.

"सुतान," ते म्हणाले, "छप्पर सपाट का ठेवलंत? इथे शिंगं बसवू. दोन इकडे, दोन तिकडे."

"दातुक, खुराडं आहे हे."

"असेना! सुरुवात कुठून तरी करायला हवी. आणि तळ्यावर कशाला? कोणाला दिसणार? रस्त्याच्या बाजूला घेऊ. येणारा-जाणारा बघेल तरी की या घराण्याला अजून शिंगं आहेत."

"पण दातुक, मासे..."

"मासे काय, कसेही जगतात. शिंगांचं काही उभारायचं तर मात्र घराण्याची बैठक हवी. तशी रीत आहे. मी सगळ्यांना बोलावतो."

सुतानांनी मान डोलावली. कोंबड्यांसाठी घराण्याची बैठक! जगात दुसरीकडे कुठे असं झालं असेल तर मला कळवा. त्या संध्याकाळी सुतान तळ्याकाठी उकिडवे बसून कोंबड्यांना सांगत होते, "म्हणे मासे कसेही जगतात! म्हणे चोर फळीवरून येतात!" कोंबड्यांना सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं. माणसांनाच ते काही ऐकू जाईल असं बोलत नव्हते.

युसला मात्र नवऱ्याचा चेहरा वाचता यायचा. बैठकीच्या आदल्या दिवशी ती भावाला म्हणाली, "दातुक, या वेळी ऊदांना खरंच विचारा. उगाच रीत म्हणून विचारल्यासारखं नको. कल्पना त्यांची आहे."

"विचारीन की. मी काय राक्षस आहे?"

आमच्या बैठकीत एकेकाला विचारतात. भिंतीला टेकून पुरुष बसतात, समोर कॉफी आणि तळलेली केळी. जावई दाराजवळ बसतो आणि त्याला सगळ्यात शेवटी विचारतात, सौजन्य म्हणून. त्यालाही काय उत्तर द्यायचं ते ठाऊक असतं. ते उत्तर इतकं ठरलेलं, की विचारणारा बरेचदा ते संपायच्या आत कॉफी उचलतो.

दातुकांनी लांबलचक भाषण केलं. पूर्वज आले, जळलेलं घर आलं, डोंगर आला, कोंबड्या शेवटी आल्या. सगळे "योग्य, योग्य" म्हणाले. मग दातुक दाराकडे वळले.

"सुतान, आता तुम्ही. आणि हे मी रीत म्हणून विचारत नाही. खुराडं तुम्ही बेतलंय. शिंगं हवीत की नकोत? तळ्यावर की रस्त्याकडे? तुम्ही सांगाल तसं करू."

कोणी कॉफी उचलली नाही. सगळे चेहरे दाराकडे वळले. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे युस श्वास रोखून उभी होती. सुतानांनी सकाळपासून उत्तराची तयारी केली होती. मासे, फळी, खिसा, सगळं क्रमाने. त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं.

"तुम्हा सगळ्यांना जे योग्य वाटेल, तेच मला मान्य आहे."

बस्स. गेलं! लग्नात म्हटलेलं वाक्य, मुलीच्या बारशाला म्हटलेलं वाक्य, घराचे पत्रे बदलताना म्हटलेलं वाक्य. आयुष्यभर जिभेवर बसलेलं ते वाक्य नेमकं आज, नको तेव्हा, आपणहून बाहेर आलं. दातुकांचा चेहरा फुलला. "बघा, असा जावई मिळायला भाग्य लागतं!" आत स्वयंपाकघरात काहीतरी मोठ्याने आपटलं. सुतान केळ्याच्या बशीकडे बघत राहिले. स्वतःच्या जिभेचा इतका राग त्यांना जन्मात आला नव्हता.

रविवारी घराण्यातले पुरुष करवती-हातोडे घेऊन जमले आणि रस्त्याच्या बाजूला खुराडं उभं राहू लागलं. सुतानांनी एक बांबू उचलला तर तिघे धावले. "अहो सुतान, ठेवा, ठेवा! कपडे खराब होतील." त्यांनी खिळे धरले तर कोणीतरी नम्रपणे काढून घेतले. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की घरटी उतरती हवीत, तर मांदे म्हणाल्या, "सुतान, उन्हात उभे राहू नका." खिसा झालाच नाही, कारण घराला खिसा असतो असं कोणी ऐकलं नव्हतं. जिना मात्र झाला, सुबक, वेलबुट्टी कोरलेला. कोंबड्यांनी त्याला एकदा चोच मारली आणि फणसावर जाऊन बसल्या.

दुपारपर्यंत दोन शिंगं चढली. सुतान स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि खिडकीतून ती शिंगं दिसली, तसे तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले.

"काय पुटपुटताय?" युसने चुलीवरून नजर न उचलता विचारलं. बैठकीपासून ती त्यांच्याशी "जेवा" आणि "झोपा" याशिवाय काही बोलली नव्हती.

"काही नाही."

"काही नाही कसं? शिंगं बघून पुटपुटताय. कोणाला सांगताय, पातेल्याला?"

"तुझ्या भावाने माझ्या खुराड्याचं काय करून ठेवलंय बघ! माझं एक ऐकेल तर..."

"माझ्या भावाने?" युसने पळी आपटली. "त्याने विचारलं, ऊदा! भर बैठकीत विचारलं. मी पडद्यामागे उभी होते. आणि तुम्ही काय म्हणालात? तुम्हाला योग्य वाटेल ते!"

"बोलणार होतो. पण निघालंच नाही."

"निघेल कसं? कधी निघालंय? मुलीला पाडांगला शिकायला पाठवू का, तर तुझ्या आईला विचार. भिंतीला रंग कोणता, तर कोणताही चालेल. काय रांधू, तर काहीही. आयुष्यभर विचारून विचारून माझं तोंड दुखलं. मला काय वाटायचं माहितीये? या माणसाला इथलं काही नकोच आहे. पाहुण्यासारखा येतो, गोड बोलतो आणि परत जायची वाट बघतो. किती वर्षं रडले असेन मी त्यापायी!"

सुतानांच्या हातातला पेला तसाच राहिला. आपण एवढे वैतागलेले आहोत, हे कोणाला कळत नाही म्हणून ते वैतागलेले होते. आपल्या गप्प बसण्यापायी दुसरं कोणी रडत असेल, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मनाला फार लागलं ते.

"जिना नको," ते म्हणाले.

"काय?"

"खुराड्याला जिना नको. कोंबडी कधी जिन्याने जाते?"

"आणि?"

"शिंगं नकोत. रस्त्याकडे नको, तळ्यावरच हवं. खिसा हवा मला."

"आणि?"

आता बांध फुटला होता. "आणि जेंगकोलची आमटी नको. ते बी मला घशाखाली उतरत नाही. त्याचा वास दोन दिवस अंगाला येतो."

युस वळली. "जेंगकोल? मांदे दर ईदला तुमच्यासाठी मुद्दाम शोधून आणतात ते! पहिल्या वर्षी दोनदा मागून घेतलंत तुम्ही!"

"पहिलं वर्ष होतं. नाही कसं म्हणणार?"

तिला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडायच्या आत सुतान पुढे बोलले. या वेळी आवाज खाली गेला होता.

"आणि मुलीचं नाव मला रोहानी ठेवायचं होतं. माझ्या आजीचं."

चुलीवर काहीतरी करपायला लागलं होतं. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"कधी बोलला नाहीत," युस हळूच म्हणाली.

"तुझ्या आईने ठरवलेलं होतं ना."

"काही ठरलेलं नव्हतं, ऊदा. सबंध सकाळ आम्ही तुम्ही नाव सांगाल म्हणून वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, तुम्हाला योग्य वाटेल ते. मग मांदेंनी पहिलं सुचलं ते ठेवलं."

बाहेर हातोड्याचे ठोके चालू होते. तिसरं शिंग चढत होतं. युसने पातेलं उतरवलं, डोळे पुसले, खिडकी उघडली आणि ओरडली, "दातुक! थांबा! उतरवा ती शिंगं!"

"का? कोण म्हणतं?" खालून आवाज आला.

युसने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ती खिडकीतून बाजूला सरकली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

सुतान पुढे झाले. खाली सगळे वर मान करून बघत होते. मांदे सावलीत बसल्या होत्या, दातुकांनी शिंग काखेत धरलं होतं. नेहमीचं वाक्य जिभेवर आलंच होतं. सुतानांनी ते गिळलं.

"मी म्हणतो," ते म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले, "मी म्हणतो, दातुक. शिंगं नकोत. मला खुराडं तळ्यावर हवंय."

दातुकांनी शिंग खाली ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी पुन्हा घातली. त्यांना राग आला असेल असं सगळ्यांना वाटलं. पण ते नुसते थकलेले दिसत होते.

"अहो सुतान," ते म्हणाले, "मग आधी बोलायला काय झालं होतं? इतकी वर्षं विचारतोय आम्ही तुम्हाला!"

सुतान पायऱ्या उतरून खाली आले, भिंतीला टेकलेली कुदळ उचलली, आणि या वेळी ती हातातून काढून घ्यायला कोणी पुढे झालं नाही.

"चला," दातुक वैतागून म्हणाले, "तळ्यात नेमकं कुठे, ते दाखवा तरी."